ट्रायल शिकायची तर आधी साक्षीचा कागद वाचायला शिका

वकिलीची सनद घेऊन ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर उतरलेल्या ज्युनियरचं पहिलं वर्ष तारखा घेण्यात, मुदत अर्ज लिहिण्यात आणि नकलेच्या खिडकीसमोर जातं. या कामातून कोर्ट कळतं, पण साक्षीदार कसा तपासायचा ते कळत नाही. ते वेगळं शिकावं लागतं. शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: न्यायाधीश निकाल लिहायला बसतात तेव्हा समोर तुमचा आवाज नसतो, साक्षीचा कागद असतो. त्यावर जे उतरलं नाही, ते कोर्टाच्या लेखी घडलंच नाही.

बसायचं कुठे, बघायचं काय

ई-कोर्ट्सच्या ॲपवर आदल्या रात्री बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघा. स्टेजच्या रकान्यात एव्हिडन्स (साक्ष) किंवा पार्ट हर्ड (अर्धवट झालेली सुनावणी) दिसलं की ते प्रकरण निवडा. ठाणे जिल्ह्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख नंबर, एमएचटीएचने सुरू होतो, तो वहीत लिहून ठेवला की पुढची तारीख दोन मिनिटांत सापडते. नवी मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं. पोलीस आयुक्तालय एकच असलं तरी वाशी-नेरूळची प्रकरणं बेलापूरला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात चालतात. खारघर-कामोठ्याची पनवेलला, म्हणजे रायगडमध्ये. लैंगिक गुन्ह्यांची साक्ष बंद दाराआड होते, तिथे प्रकरणाशी संबंध नसताना जाऊन बसू नका.

बसताना स्टेनोला सांगितलेला मजकूर ऐकू येईल अशी जागा धरा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे वकिलाने विचारलेला प्रश्न, उजवीकडे न्यायाधीशांनी लिहून घ्यायला सांगितलेलं वाक्य. आठवडाभर एवढंच करा. वकिलाने दहा मिनिटं आवाज चढवून विचारलेलं कागदावर एका ओळीत येतं, आणि दुसऱ्याने शांतपणे विचारलेल्या सहा प्रश्नांची सहा वाक्यं होतात, हे दिसेल. बघून शिकायचं ते या दुसऱ्याकडून.

घरचा अभ्यास म्हणून सिनियरच्या निकाल लागलेल्या फायली मागा. सरतपास (साक्षीदार आणणाऱ्या बाजूने घेतलेली साक्ष) वाचा, उलटतपासावर (समोरच्या वकिलाच्या प्रश्नांवर) कोरा कागद ठेवा आणि स्वतःचे प्रश्न लिहा. मग कागद काढून ताडून बघा. शेवटी निकालपत्रातली ती जागा शोधा जिथे 'उलटतपासात असे आले आहे की' असं लिहिलंय. चाळीस प्रश्नांपैकी कोर्टाने उचललेले तीन-चार कोणते, ते तिथे कळतं.

दोषारोपपत्र वाचण्याची पद्धत

नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 230 प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत त्याला दोषारोपपत्राच्या, म्हणजे पोलिसांनी कोर्टात दाखल केलेल्या, कागदांच्या प्रती मिळायला हव्यात. हातात आल्या की आधी पानं मोजा. घटनास्थळ पंचनामा, जप्ती पंचनामा, जबाब, वैद्यकीय दाखला, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, यातलं काही नसेल तर त्याच तारखेला लेखी अर्ज द्या. साक्ष सुरू झाल्यावर 'प्रत मिळाली नव्हती' म्हणणं फार लंगडं वाटतं.

मग दोन तक्ते करा. पहिला वेळेचा: तारीख, वाजले किती, काय झालं, कोण सांगतो, पान नंबर. दुसरा साक्षीदारांचा: एकच गोष्ट, उदाहरणार्थ हत्यार, फिर्यादीत काय, प्रत्येक जबाबात काय, पंचनाम्यात काय, डॉक्टरांच्या कागदात काय. बहुतेक उलटतपास या दुसऱ्या तक्त्यातूनच निघतो. शेवटी तुमच्या बाजूची गोष्ट एका वाक्यात लिहा. 'अंधार होता, ओळख चुकली' आणि 'भांडण झालं पण सुरुवात फिर्यादीने केली' ही दोन्ही वाक्यं एकाच आरोपीसाठी चालत नाहीत. एक निवडावंच लागतं.

कलमं लिहिताना तारीख बघा. 1 जुलै 2024 च्या आधीपासून चालू असलेल्या खटल्याला 1872 चा पुरावा कायदाच लागतो, नंतरच्याला भारतीय साक्ष्य अधिनियम. वहीत दोन्ही आकडे शेजारी ठेवा: लेखी जबाबाशी विसंगती दाखवण्याचं जुनं 145 आता 148, फितूर (आपल्याच बाजूविरुद्ध उलटलेल्या) साक्षीदाराचं 154 आता 157.

सरतपासाबद्दल थोडं

सरतपासात उत्तर सुचवणारा प्रश्न चालत नाही. कोण, कुठे, केव्हा, पुढे काय झालं, एवढ्यावर भागवायचं. दिवाणी दाव्यात सरतपास प्रतिज्ञापत्रावर येतो, त्यामुळे खरी मेहनत कागद शाबित करण्यात असते. झेरॉक्स जोडली आणि प्रतिज्ञापत्रात उल्लेख केला, की निशाणी (पुराव्यातला कागद म्हणून कोर्टाचा क्रमांक) पडेल, असं धरून चालू नका. मूळ कागद कुठे आहे, सही कोणाची, ती ओळखणारा कोण, हे यायला हवं. समोरच्याच्या कागदावर निशाणी पडताना शाबितीच्या पद्धतीवर हरकत असेल तर तेव्हाच घ्या आणि नोंदवून घ्या. युक्तिवादात आठवलेल्या तसल्या हरकतीला उशीर झालेला असतो.

उलटतपास, जवळून

समजा प्रकरण मारहाणीचं आहे. साक्षीदार रिक्षावाला. कोर्टात तो सांगतो की रात्री पावणेदहाला खांबावरच्या दिव्याच्या उजेडात आरोपीला लोखंडी रॉड मारताना पाहिलं. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबात दिवा नाही, रॉडच्या जागी लाकडी दांडका आहे, आणि जबाब तिसऱ्या दिवशीचा आहे. दिवा, दांडका आणि उशीर ही तुमच्या हातातली तीन वेगळी हत्यारं आहेत, वापरायची रीतही वेगळी.

दिवा ही वगळणूक, म्हणजे कोर्टात सांगितलेली पण जबाबात नसलेली गोष्ट. 'दिव्याचं पोलिसांना का सांगितलं नाही?' असं विचारलंत तर उत्तर येईल, 'साहेब, सांगितलं होतं, त्यांनी लिहिलं नाही.' प्रश्न असा ठेवा की साक्षीच्या कागदावर हे वाक्य उतरेल: 'खांबावरचा दिवा चालू होता असे मी पोलिसांना जबाब देताना सांगितले होते. तसे माझ्या जबाबात का नमूद नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.' एवढं आलं की पुढे जा. प्रत्येक वगळणूक मात्र विसंगती ठरत नाही. गोष्ट महत्त्वाची हवी आणि तेव्हा सांगितली जाणं स्वाभाविक हवं. शर्टाच्या रंगावर वीस मिनिटं घालवू नका.

दांडका ही सरळ विसंगती. इथे जबाबातलं ते नेमकं वाक्य साक्षीदाराला दाखवावं किंवा वाचून दाखवावं लागतं. तो 'असं सांगितलं नव्हतं' म्हणाला की त्या मजकुराला कंस करून पोर्शन मार्क ए (जबाबातल्या त्या भागाची खूण) द्यायला कोर्टाला विनंती करा. काम इथे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं तपासी अंमलदाराच्या उलटतपासात: 'पोर्शन मार्क ए मधला मजकूर साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच तुम्ही लिहिला?' तो हो म्हणाला की विसंगती शाबित होते आणि निशाणी पडते. दिव्याच्या वगळणुकीचंही त्याच्याकडूनच वदवून घ्यावं लागतं. रिक्षावाल्याची साक्ष आणि अंमलदाराची साक्ष यांत दोन-दोन वर्षं जातात, मधे वकील बदलतो, आणि हे दुसरं टोक सुटतं. मग आधीची सगळी मेहनत वाया. म्हणून साक्ष संपली त्याच संध्याकाळी 'तपासी अंमलदाराला विचारायचं' या वेगळ्या पानावर पोर्शन मार्क आणि वगळणुकी उतरवून ते पान फायलीच्या पहिल्या बाजूला टाचा.

उशीर हे तिसरं. साक्षीदाराला लहान लहान प्रश्न: घटनेनंतर रोज स्टँडवर येत होतात? पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा तिथेच होता? त्यांच्याशी बोलायला कोणी अडवलं नव्हतं? तिथे थांबा. 'मग जबाब का दिला नाही?' हा पुढचा प्रश्न जिभेवर येतोच. तो विचारलात तर साक्षीदार म्हणेल, 'आरोपीने धमकी दिली होती', आणि फिर्यादीतही नसलेली धमकी तुमच्या कृपेने नोंदवली जाईल. अंमलदाराला मात्र उशिराबद्दल विचारावं लागतं. त्याला विचारलंच नाही तर उशिराचा फायदा बचावाला घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध सतीश या निकालात सांगितलंय.

शेवटी सूचना, म्हणजे आपली बाजू साक्षीदारापुढे मांडणारी ती ठरलेली 'हे म्हणणे खरे नाही की' ची वाक्यं. नवे वकील ती उरकतात. तुमची गोष्ट साक्षीदाराला सुचवली नाही तर त्याचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असा अर्थ निघू शकतो, म्हणून ती द्यायचीच. पण शब्द तोलून द्या. 'आरोपीने फक्त ढकललं, मारलं नाही' असं सुचवलंत तर आरोपी तिथे होता हे तुम्हीच कबूल केलंत. बचावाच्या वकिलाची सूचना आरोपीच्या विरुद्ध वापरली जाऊ शकते, हे 2023 च्या बाळू सुदाम खळदे निकालात स्पष्ट आहे.

साक्षीदार फितूर झाला आणि तुमच्या आरोपीविरुद्ध काहीच बोलला नाही, तर आधी सरकारी वकिलांचा उलटतपास होऊ द्या. त्यात काही निघालं नाही तर 'उलटतपास नाही' म्हणून खाली बसा. हे जमायला धीर लागतो, कारण पक्षकार मागे बसलेला असतो आणि त्याला वाटतं वकिलाने काहीच केलं नाही.

हात कुठे बसवायचा

चेक न वटल्याच्या, कलम 138 च्या प्रकरणांवर. साक्षीदार बहुधा एक-दोन, कागद मोजके, आणि प्रकरणं भरपूर. आधी तारखा तपासा: चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. नोटीस 3 मार्चला मिळाली तर मुदत 18 ला संपते. त्याआधी दाखल केलेली फिर्याद टिकत नाही. मग येते रोख रकमेची गोष्ट. चेक देण्यामागे देणं होतं हे कायदा गृहीत धरतो, पण ते गृहीतक फिर्यादीच्या उलटतपासातूनही डळमळीत करता येतं. पाच लाख दिले म्हणतो तर कुठून काढले, घरी किती दिवस ठेवले, विवरणपत्रात दाखवले का, त्याच महिन्यात स्वतःचं कर्ज थकलं होतं का. फिर्यादीची ऐपत तपासण्याबद्दल 2019 चा बसलिंगप्पा निकाल मुळातून वाचा. इथे 'का' विचारण्याआधी त्याचं बँक खातं तुमच्या हातात असायला हवं.

ज्यांची प्रॅक्टिस तीन वर्षांच्या आत आहे त्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील योजनेत सहायक म्हणून अर्ज करता येतो. नेमणूक पूर्णवेळ असते आणि खासगी कामं सोडावी लागतात, पण उलटतपास भरपूर मिळतात.

सही होण्याआधी

साक्ष संपली की घाईने बाहेर पडू नका. स्क्रीन बघता येत असेल तर बघा, नाहीतर प्रिंट मागा. 'नाही' सुटलंय का, वेळ, अंतर, आकडे बरोबर उतरलेत का, 'आठवत नाही' चं 'माहीत नाही' झालंय का. चूक दिसली तर साक्षीदार पिंजऱ्यात असतानाच उभं राहून दुरुस्ती सांगा. न्यायाधीश सहसा ऐकतात. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज घेऊन गेलात तर समोरचा वकील हरकत घेणार, आणि त्या अर्जावर आणखी एक तारीख पडणार.