संस्थेच्या वेबसाइटवर व्हॉलंटियर्ससाठी पान करताय? या चुका टाळा

मागच्या जुलैतली गोष्ट. रविवारी सकाळी साडेनऊला आमची एक नवीन ताई पालिकेच्या शाळेच्या गेटपाशी उभी, वरून पाऊस, एका हातात छत्री आणि गोष्टीच्या पुस्तकांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल. वॉचमनकाका म्हणाले परवानगीचं पत्र दाखवा. पत्र वेबसाइटवर आहे असं तिला आदल्या दिवशी सांगितलेलं, तिने लिंक दाबली तर गूगल ड्राइव्ह म्हणतंय अ‍ॅक्सेस मागा. तिने मागितला. तो मेल गेला कुणाला, तर दोन वर्षांपूर्वी बंगळुरूला गेलेल्या आमच्या जुन्या कार्यकर्तीला, आणि ती बिचारी रविवारची झोपलेली. आत मुलं वाट बघत बसलेली आणि ताई पाऊण तास बाहेर. पुढच्या रविवारी ती आली नाही, नंतरही नाही.

मला ते फार लागलं. आमची वस्तीत वाचनवर्ग घेणारी छोटी संस्था आहे, पगारी माणूस एकच, बाकी सगळे ताई-दादा नोकरी-कॉलेज सांभाळून येतात. असं स्वतःहून आलेलं माणूस एका लिंकपायी गमवायचं म्हणजे काय! तेव्हापासून वेबसाइटचं व्हॉलंटियर्सचं पान मी बघते, आणि ज्या चुका सापडल्या त्या इथे लिहितेय, कारण इतर संस्थांच्या साइटवरही मला त्याच दिसतात.

लिंक आपल्याला उघडते म्हणजे सगळ्यांना उघडते असं समजणं

तुम्ही तुमच्या मेलने लॉगिन असता म्हणून फाइल उघडते. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत, जिथे तुमचं लॉगिन नसतं, पानावरची प्रत्येक लिंक एकदा दाबून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे, आमच्या एकवीसपैकी सहा लिंका बंद निघाल्या. दुसरं म्हणजे फाइल कुणाच्या खात्यात आहे ते बघा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिलीट करू शकतं, डिसेंबर २०२३ पासून हे सुरू झालंय, म्हणजे सोडून गेलेल्या दादाचं खातं गेलं की तुमची मार्गदर्शिकाही गेली. फाइल्स संस्थेच्या नावाच्या खात्यात हलवा. नोंदणीकृत संस्थांना गूगलची नॉनप्रॉफिटसाठीची योजना मोफत मिळते, त्यासाठी अर्ज करून ठेवा.

पण ही चूक निस्तरताना अजून मोठी चूक होते आणि ती आमच्याकडून झाली. वैतागून कुणीतरी अख्खा फोल्डरच 'लिंक असलेल्या कुणालाही' करून टाकला, आणि त्याच फोल्डरात हजेरीची शीट होती, मुलांची नावं, इयत्ता, पालकांचे फोन नंबर, सगळं. चार दिवस ते तसं उघडं होतं. लक्षात आलं तेव्हा मला खरंच घाम फुटला. तेव्हा अख्खा फोल्डर कधीही सगळ्यांसाठी खुला करू नका, एकेक फाइल खुली करा, आणि मुलांची माहिती वेगळ्या जागी ठेवा जिथे दोघातिघांनाच प्रवेश आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय. मुलांचे फोटो टाकतानाही तेच, पालकांना आधी विचारा. आणि पानावर १०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात असू द्या, आमच्या अर्ध्याहून जास्त नवीन लोकांना तो माहीत नसतो.

देणगीदारांसाठी लिहिलेलं पान व्हॉलंटियरला देणं

आधी आमचं ध्येय, मग आमची वाटचाल, मग विश्वस्तांचे फोटो, आणि तीनदा स्क्रोल केल्यावर वर्गाचा पत्ता. वर्गावर निघालेल्या माणसाला यातलं काय हवंय? मी एक सोपी गोष्ट केली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे दोन महिन्यांचे मेसेज मागे जाऊन वाचले आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहून काढला. फिरून फिरून तेच सहा प्रश्न: कुठल्या गेटने जायचं, किल्ली कुणाकडे, आज कुठली गोष्ट घ्यायची, मूल पडलं-लागलं तर काय, मी येऊ शकत नसले तर कुणाला कळवू, सर्टिफिकेट कधी. पान त्याच क्रमाने लावलं. कमिटीत थोडी कुरकुर झाली, पण ध्येयाचं पान वेगळं आहेच ना, ते तिथे राहू दे.

जुन्या फॉन्टातली मार्गदर्शिका तशीच चढवणं

हा आपल्या मराठी संस्थांचा खास दुखरा विषय. बरीच वर्षं आपण सगळं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलं. ती वर्डची फाइल मोबाइलवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. पीडीएफ केली तर दिसते नीट, पण 'बाराखडी' शोधा, सापडत नाही, ओळ कॉपी करा, कचरा येतो. त्याहून वाईट म्हणजे छापील पुस्तिका स्कॅन करून चढवणं, आमची तशी पीडीएफ ३८ एमबीची होती आणि आमच्यातल्या एका दृष्टिहीन दादाला टॉकबॅक, म्हणजे फोनमधली स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, त्यातलं अक्षरही वाचून दाखवत नव्हतं. तो वर्षभर गप्प होता, कारण त्याला वाटलं त्याच्याच फोनचा प्रॉब्लेम आहे.

उपाय एकच, युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर तीच अक्षरं दिसतात ती टायपिंगची पद्धत. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी यांची ते वाट लावतात, 'वर्ग' चा 'वगर्' झालेला मी स्वतः पाहिलाय, म्हणून रूपांतर झालं की एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. आम्ही चौघांनी दोन रविवार बसून २२ पानं केली. मग पीडीएफऐवजी साध्या वेबपानावरच टाकली, मुक्ता फॉन्टमध्ये, ओळींमधलं अंतर जरा वाढवून, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हरची लिंक दिली, प्रथम बुक्सच्या त्या साइटवर मराठी पुस्तकं मोफत आहेत आणि खुल्या परवान्यामुळे प्रिंट काढून वर्गात वापरता येतात.

लिंक पाठवली की अर्धीच जाते

वर्डप्रेसमध्ये पानाचं नाव मराठीत दिलं की पत्ताही मराठीत होतो, आणि कॉपी करताना एकेका अक्षराच्या, मात्रेच्या जागी टक्क्याच्या खुणांसकट नऊ चिन्हं येतात. मेसेजमध्ये ही चार ओळींची लांबण बघून लोक ती दाबायलाच घाबरतात, कधी मध्येच तुटते. पानाचं नाव मराठीतच ठेवा, फक्त वेबपत्त्याचा शेवटचा भाग रोमन लिपीत दोन शब्दांचा करा.

'फायनल', 'नवीन फायनल', 'फायनल खरं' अशा तीन फाइल्स असतील तर नवीन फाइल वेगळी चढवू नका, ड्राइव्हमध्ये जुन्याच पीडीएफवर मॅनेज व्हर्जन्समधून नवीन टाका, लिंक तीच राहते. वर तारीख लिहा. आणि डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नूतनीकरणाचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो ते आजच विचारून घ्या.

आता दर तीन महिन्यांनी आम्ही एका अगदी नव्या व्हॉलंटियरच्या हातात तिचाच फोन देतो आणि म्हणतो परवानगीचं पत्र शोध, मी शेजारी बसते, एक शब्द बोलत नाही. गेल्या वेळी चाळीस सेकंदांत सापडलं. तरी पत्राची एक छापील प्रत प्रत्येक पुस्तकपेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलीय, कारण त्या शाळेच्या गेटपाशी पावसात रेंज जाते.