घड्याळाची पोर्सिलेनची तबकडी आणि चिनी अंक : घेताना, घडवताना, सांभाळताना या चुका टाळा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘डेव्हिड फुलदाण्या’ या नावाने ओळखली जाणारी चिनी पोर्सिलेनची एक जोडी आहे. तिच्या मानेवर कोबाल्टच्या निळ्या रंगात, झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत लेपाच्या, खाली, कुंचल्याने लिहिलेला दानलेख असून त्यात ‘अकरावे वर्ष, चौथा महिना’ अशी तारीख आहे. तेव्हाच्या राजशकाचे हे अकरावे वर्ष म्हणजे इ. स. १३५१. आज मनगटी घड्याळाच्या तबकडीवर जे निळे चिनी अंक हौसेने मिरवले जातात, त्यांची परंपरा इतकी जुनी आहे. फरक एवढाच की, साठ सेंटिमीटरांहून उंच फुलदाणीवर अंकाला ऐसपैस जागा होती, तर तबकडीवर त्याला जेमतेम तीन मिलिमीटर मिळतात. अशा घड्याळांबाबत होणाऱ्या बहुतेक चुका माती आणि अंक यांचा वेगवेगळा विचार केल्यामुळे होतात. वस्तुतः अंक मातीबरोबरच भट्टीतून निघतो आणि म्हणून तबकडी पारखताना पहिली नजर अंकावर गेली पाहिजे.

मीन्याची तबकडी पोर्सिलेन म्हणून घेणे

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी चूक. पोर्सिलेन म्हणजे केओलीन आणि चिनी दगडाची पूड यांची माती, जी साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजली की दगडासारखी घट्ट होते. केओलीन हे नाव जिआंग्शी प्रांतातील जिंगदेजेन या कुंभारनगरीजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून पडले आहे. मीना मात्र काचेची पूड असते आणि ती तांब्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर ८०० अंशांच्या आसपास वितळवून बसवतात. आपल्याकडची मीनाकारी आणि मिंग काळातील जिंगताई कारकिर्दीवरून (१४५०–१४५७) ओळखले जाणारे तारकामाचे ‘जिंगतायलान’ ही दोन्ही याच जातकुळीतली.

खिशातल्या जुन्या घड्याळांच्या पांढऱ्याशुभ्र तबकड्या, ज्यांत मुंबईत विकली गेलेली वेस्ट एंड कंपनीची घड्याळेही आली, बहुतांशी तांब्यावरच्या मीन्याच्या आहेत. तरीही बाजारात त्या सर्रास पोर्सिलेन म्हणूनच सांगितल्या जातात. शंका असल्यास घड्याळजीकडून मशीन बाहेर काढून तबकडीची पाठ पाहावी. मीन्याच्या तबकडीत पुढच्या आणि मागच्या थरांच्या मध्ये धातूचा पत्रा असतो, कारण एकाच बाजूला मीना दिला तर भट्टीत पत्रा वाकतो, म्हणून पाठीलाही मीना द्यावा लागतो. एखाद्या कडेला टवका उडालेला असेल तर तेथे तांबे दिसते. पोर्सिलेनच्या तबकडीत धातू नसतोच, त्यामुळे तिला पाय, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या मागच्या खुंट्या, झाळता येत नाहीत. पायांची धातूची चकती मागून चिकटवलेली आढळते.

खरी पोर्सिलेनची तबकडी दुर्मीळ असली तरी अस्तित्वातच नाही असे नाही. जर्मनीत ग्लाशुट्टे ओरिजिनलने माइसेनच्या कारखान्यातील तबकड्या वापरल्या, जपानमध्ये सेइकोने २०१९ मध्ये प्रेसाज मालिकेत आरिताच्या पोर्सिलेनची तबकडी आणली आणि अटेलिए वेन या छोट्या कंपनीने २०१८ मध्ये आपली पहिली घड्याळे चिनी पोर्सिलेनच्याच तबकड्यांनिशी काढली. तबकडीवर चिनी अंक आहेत म्हणून ती जिंगदेजेनची, हा निष्कर्षही घाईचा ठरेल, कारण तेच अंक जपानमध्येही चालतात. तळाशी किंवा पाठीवर मिंग सम्राटाची सहा अक्षरी मुद्रा दिसली म्हणून जुनेपणाचे पैसे तर मुळीच मोजू नयेत. कांग्शी काळातील (१६६२–१७२२) कुंभारसुद्धा दोनशे वर्षे आधीच्या चेंगहुआ कारकिर्दीची मुद्रा बिनदिक्कत लिहीत असत.

अंक झिलईखाली आहे की झिलईवर, हे न पाहणे

पारंपरिक निळ्या कामात वाळलेल्या कच्च्या मातीवर कोबाल्टने लिहितात, वरून झिलई देतात आणि दोन्ही एकाच भट्टीत भाजतात. लिहिताना हा रंग करडा-काळपट दिसतो; त्याचा निळा आगीतच होतो. कोरडी माती रंग तत्काळ शोषून घेत असल्याने रेघ चुकली तर पुसण्याची सोय नाही. दुसऱ्या पद्धतीत भाजून झालेल्या झिलईवर रंग देतात आणि ७०० ते ८०० अंशांवर पुन्हा एक हलकी भट्टी लावतात. लाल, गुलाबी, पिवळे आणि सोनेरी अंक बहुधा असेच असतात. तिसरा प्रकार म्हणजे भट्टी न लावता केलेली शाईची छपाई. ती स्वस्त घड्याळांत असते आणि ‘पोर्सिलेनसारखी’ या चतुर शब्दाआड दडते. तेथे मुळात पितळी पत्र्यावर चकचकीत रोगण दिलेले असते.

हे ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक बारीक टॉर्च पुरेशी आहे. घड्याळ तिरके धरून प्रकाशाचे प्रतिबिंब अंकावरून सरकवावे. अंक झिलईखाली असेल तर प्रतिबिंब कोठेही न अडखळता पुढे जाते. झिलईवरचा अंक किंचित उठाव दाखवतो. झिलईखालच्या निळ्या रेषेची कडाही भिंगातून थोडी विरघळल्यासारखी दिसते आणि कुंचला जेथे टेकला किंवा थांबला तेथे रंग गडद साचलेला असतो. कडा सुरीने कापल्यासारखी असेल, किंवा रंग एकसारख्या ठिपक्यांनी बनलेला दिसला, तर ते हातकाम नव्हे.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. जिंगदेजेनमध्ये झिलईखाली उतरवायचे छापील कागदही मिळतात, त्यामुळे ‘अंक झिलईखाली आहे’ एवढ्यावरून ‘अंक हाताने लिहिला आहे’ हे सिद्ध होत नाही. हातकामाचे पैसे मागितले जात असतील तर ‘अकरा’ आणि ‘बारा’ या अंकांतील ‘दहा’ची चिन्हे आणि स्वतंत्र ‘दहा’ शेजारी ठेवून पाहावीत. ती तिन्ही तंतोतंत सारखी निघाली तर ती छपाई आहे. उतरवणीचा कागद उलटा बसून अंक आरशातल्यासारखे उमटल्याची उदाहरणेही असतात. सहा, आठ, दहा हे अंक जवळजवळ समतोल असल्यामुळे उलटे झाले तरी डोळा फसतो. सात आणि नऊ मात्र लगेच चुगली करतात.

जुने म्हणून विकले जाणारे निळे अंक फिकट झालेले असतील तर तेथेच थांबावे. झिलईखालचा कोबाल्ट उन्हाने उडत नाही.

अंकांची पद्धत आणि दिशा

चिनी भाषेत अंक लिहिण्याच्या अनेक पद्धती आहेत आणि तबकडीचा आराखडा करणारे त्यांची हमखास सरमिसळ करतात. नेहमीच्या लेखनात एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. धनादेशावर वापरल्या जाणाऱ्या औपचारिक अंकांत एकट्या ‘एक’ला बारा फटकारे लागतात, तीन मिलिमीटरच्या जागेत, तेही झिलईखाली पसरणाऱ्या कोबाल्टने लिहिले तर त्याचा निव्वळ निळा डाग होतो. साध्या पद्धतीतही ‘चार’ची बंद चौकट भट्टीत भरून येण्याचा धोका असतो, म्हणून अनुभवी कारागीर ती जरा रुंद काढतात. सुझौ अंक हे व्यापाऱ्यांचे, हाँगकाँगच्या बाजारात अजूनही भावाच्या पाट्यांवर दिसणारे. त्यांत एक, दोन, तीन उभ्या रेघांनी लिहितात आणि चार हा फुलीसारखा असतो, म्हणजे रोमन दहासारखाच. सुझौ आणि रोमन अंक एकाच तबकडीवर आणणाऱ्याने वाचकाची फजिती करण्याचाच निश्चय केला आहे, असे समजावे.

त्याहून सूक्ष्म चूक अंक फिरवण्याची. युरोपीय तबकडीवर रोमन अंकांचे पाय केंद्राकडे वळवण्याची रीत आहे. तीच चिनी अंकांना लावली की तीनच्या जागी असलेल्या तीन आडव्या रेघा नव्वद अंशांत फिरून उभ्या होतात आणि थेट रोमन तीन वाचला जातो. एकच्या जागी असलेली एकमेव रेघ तिरकी होऊन मिनिटाच्या खुणेत मिसळते, तर सहाचे अक्षर डोक्यावर उभे राहते. माझ्या मते चिनी अंक सर्वत्र सरळच ठेवावेत आणि अकरा-बारा यांची दोन अक्षरे वरून खाली एकाखाली एक लिहावीत. उभी ओळ या लिपीला परकी नाही. ‘चार’चा उच्चार मृत्यूवाचक शब्दाच्या जवळ जातो म्हणून तो गाळावा, असा सल्लाही कधी दिला जातो. तबकडीवर त्याची गरज नाही. चीनमध्येही घड्याळात चार वाजतातच.

आता बारा शाखाचिन्हांविषयी. उंदीर, बैल, वाघ, ससा या क्रमाने येणारी ही चिन्हे बारा आहेत, म्हणून ती बारा तासांच्या तबकडीवर अंकांच्या जागी बसवली जातात, आणि तेथेच कालगणना कोसळते. पारंपरिक चिनी दिवस बारा दुहेरी-तासांचा असतो. उंदराचा प्रहर रात्री ११ ते १, सशाचा पहाटे ५ ते ७ आणि घोड्याचा दुपारी ११ ते १. साध्या तबकडीवर मात्र उंदीर बाराच्या जागी धरला की तीनच्या जागी ससा येतो, घोडा सहाच्या जागी जातो आणि काटा दिवसातून दोनदा प्रत्येकाला भेटतो. अशी तबकडी नक्षी म्हणून ठीक आहे, पण तिला पारंपरिक चिनी घड्याळ म्हणणे चूक आहे. ब्लांपां या स्विस कंपनीने २०१२ मध्ये चिनी पंचांगाचे घड्याळ काढले तेव्हा दुहेरी-तासांसाठी चोवीस तासांत फेरी पूर्ण करणारी वेगळी छोटी तबकडी दिली, तीही मीन्याच्या डायलवर, पोर्सिलेनच्या नव्हे.

घडवताना

माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. आकार साधारण आठव्या हिश्श्याने घटतो असे धरले तर ३५ मिलिमीटरच्या तबकडीसाठी कच्ची तबकडी ४० मिलिमीटरची घ्यावी लागते आणि अंकही त्याच प्रमाणात मोठे लिहावे लागतात. मधले छिद्र, तारखेची खिडकी आणि सेकंदाचे वर्तुळ जितके अधिक, तितकी तबकडी भट्टीत वाकण्याची शक्यता अधिक. म्हणून तारखेची खिडकी टाळावी. तिने बहुधा एखादा अंकही खाल्ला जातो.

जोडणीतली नेहमीची तक्रार अशी की, तास काटा तबकडीला घासतो आणि घड्याळ थांबते. मशीनमध्ये दोष शोधण्यापूर्वी तबकडीची जाडी मोजावी. पितळी तबकडी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, पोर्सिलेनची साधारण दुप्पट. त्यामुळे काटे बसवण्याची मधली नळी उंच असलेलेच मशीन निवडावे लागते. काटे वर वाकवून वेळ मारून नेली तर ते पुढे काचेला लागतात.

सांभाळताना

झिलईतील जाळीदार भेगा पाहून ‘तबकडी फुटली’ म्हणून घड्याळ परत करणारे ग्राहक असतात. झिलई आणि माती थंड होताना कमी-जास्त आक्रसल्याने असे जाळे पडते आणि चीनच्या सोंग काळातील ‘ग’ नावाच्या परंपरेच्या भांड्यांत तर ते मुद्दाम पाडले जाई. सगळीकडे सारखे पसरलेले जाळे हा नक्षीचा भाग. छिद्राच्या कडेपासून निघून अंकाला छेदत जाणारी एकटी रेघ हा तडा. अशा तड्याचे कारण बहुधा पायांचे स्क्रू अती आवळणे किंवा काटे काढताना लिव्हरचा भार छिद्राच्या कडेवर येणे हेच असते. तबकडी अल्ट्रासोनिक यंत्रात घालू नये, आणि तडा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने भरू नये. पूर्वी कोणी भरला असेल तर अतिनील टॉर्चखाली ती जागा वेगळी चमकते. मळलेला तडा सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ कुंचल्याने, तबकडी मशीनपासून सुटी केल्यावरच साफ करावा, आणि अंक किंवा सही झिलईवर असेल तर तेथे पाणीही लावू नये. घड्याळ दुरुस्तीला देण्यापूर्वी तबकडीचे जवळून छायाचित्र काढावे आणि आधीपासून असलेल्या तड्यांची नोंद घड्याळजीच्या पावतीवर करून घ्यावी.