एलचं यीस्ट निवडताना आधी थर्मामीटर बघा

घरी एल (साधारण खोलीच्या तापमानाला आंबवलेली बिअर) बनवताना बरीच वर्षं मी यीस्टचा विचार सगळ्यात शेवटी करायचो. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ठरलं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) ठरले, की हाताला लागेल ते पाकीट. मग एकदा २० लिटर पेल एलचं वर्ट, म्हणजे न आंबलेलं माल्टचं गोड पाणी, दोन बादल्यांत निम्मं निम्मं ओतलं. एकीत यूएस-०५ नावाचं सुकं यीस्ट टाकलं, दुसरीत एस-०४ नावाचं. सुरुवातीची घनता १.०५० (पाण्याची १.०००; यीस्ट साखर खातं तशी ती उतरते). पहिली बादली १.०१० वर थांबली, दुसरी १.०१३ वर. फरक एवढासाच, पण पहिली बिअर कोरडी, हॉप्सचा कडवटपणा थेट जिभेवर. दुसरी भरीव, थोडी फळांच्या वासाची, माल्ट पुढे. दोन्ही एकाच पातेल्यातल्या आहेत हे चाखणाऱ्यांना पटेना.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न तापमानाचा. वर्ट आंबताना स्वतःच गरम होतं; खोलीत २० अंश असले तरी बादलीच्या आत २३-२४ सहज होतात. म्हणून थर्मामीटर बादलीला चिकटवा, भिंतीवरचा काही कामाचा नाही. पहिले तीन दिवस बादली पाण्याच्या टबात ठेवली तरी बराच फरक पडतो. चव बहुतेक त्याच दिवसांत ठरते.

१८ ते २० अंश सांभाळता येत असतील तर अमेरिकन पेल एल आणि आयपीएला (जास्त हॉप्सच्या एलला) यूएस-०५ द्या. ते स्वतःची चव फारशी लादत नाही. बिटर, पोर्टर, साध्या स्टाउट अशा ब्रिटिश धाटणीच्या एलना एस-०४. ते तळाशी असं घट्ट बसतं की बाटल्या भरताना गाळ हलत नाही. खोली ३० च्या खाली येतच नसेल तर झगडू नका, व्हॉस क्वाइक घ्या. हे नॉर्वेच्या शेतघरांतलं यीस्ट ३५-४० अंशांत खुशाल काम करतं आणि संत्र्यासारखा वास देतं.

गव्हाच्या जर्मन बिअरला मात्र तिचंच यीस्ट हवं, तिथे तडजोड नाही. लवंगेचा वास हवा तर १७-१८ अंश, केळ्याचा हवा तर २२ च्या आसपास. मला लवंगच आवडते.

सुरुवातीची घनता साधारण १.०६० पर्यंत असलेल्या २० लिटरला ११.५ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. त्यावर गेलात तर दोन टाका, कंजुषी नको.

सेझोन या बेल्जियन धाटणीच्या एलबद्दल जरा जपून. बेल सेझोनसारखी यीस्टं इतरांना न पचणाऱ्या लांब साखळीच्या साखराही फोडून खातात, त्यामुळे बिअर खडखडीत कोरडी होते. मजा तिथेच आहे, धोकाही. मी सेझोनची नळी नुसती विसळून पुढच्या पेल एलला वापरली. नळीत उरलेलं यीस्ट बाटल्यांतही साखर खात, गॅस करत राहिलं; तीन महिन्यांनी त्या पेल एलची बाटली उघडली तर अर्धी छताला. उरलेल्या बाटल्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून एकेक उघडल्या. आता सेझोनच्या नळीला लाल चिकटपट्टी आहे, आणि ती वेगळ्या खोक्यात राहते.