नाव एक, स्पेलिंगं चार: सोलापूरकरांसाठी कागद जुळवण्याची तयारी

कुठल्याही कार्यालयाच्या रांगेत उभं राहण्याआधी घरातले सगळे कागद बाहेर काढा आणि वहीच्या एका पानावर तक्ता आखा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, लायसन्स, पीएफचा यूएएन (सदस्य क्रमांक), घराची टॅक्स पावती, सातबारा असेल तर तोही घ्या. प्रत्येकासमोर त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर उतरवा, मराठीतलं वेगळं आणि इंग्रजीतलं वेगळं. शेजारी जन्मतारीख आणि वडिलांचं किंवा पतीचं नावही लिहा, कारण अर्ज अनेकदा तिथेच अडकतो. आठवणीवर लिहू नका, कार्ड समोर धरून लिहा.

तक्ता भरला की फरक कुठल्या जातीचा आहे ते ठरवा, कारण इलाज त्यावर अवलंबून आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांतली नावं इंग्रजीत लिहिली जातात, त्यामुळे इथे फरकांचे प्रकारही जास्त. ‘सिद्धेश्वर’ लिहिताना दोन डी की एक, ‘श्व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘लक्ष्मी’त एक्स की के-एस-एच, ‘श्रीनिवास’ एसपासून सुरू होऊन पुढे एच येतो की नाही. हे झाले स्पेलिंगचे फरक. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी येतं, ते एका कागदावर पुढे तर दुसऱ्यावर मागे असतं. ‘शेख’चंही तसंच, शिवाय ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण तर कुठे दोन अक्षरांत. हा क्रमाचा फरक. तिसरा प्रकार आद्याक्षरांचा. चौथा लग्नानंतरचा: माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं रेशनकार्डावर आणि दोन्हींची खिचडी आधारवर.

आता एकच नाव पक्कं करा आणि ते तक्त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. दहावी झालेल्यांनी शक्यतो गुणपत्रिकेवरचं नाव धरावं, कारण बोर्डाचा कागद बदलणं सर्वांत अवघड. शाळा न पाहिलेल्या आजी-मावशींसाठी बहुतेक कागदांवर जे नाव आहे तेच धरा, आणि आधारवर तेच असेल तर त्याला हात लावू नका. लहान मुलांसाठी जन्मदाखला हाच पाया. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव राज्य शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे, हे शाळेत नाव घालतानाच पाहा.

पायाचा कागदच चुकलेला असेल तर काम तिथून सुरू करा. जन्मनोंदीत बाळाचं नाव घालायचं राहिलं असेल तर ते १५ वर्षांपर्यंत घालता येतं. चूक दुरुस्त करायची असेल तर जन्म जिथे नोंदला त्याच ठिकाणी, म्हणजे शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आणि गावात ग्रामपंचायतीत अर्ज करा. सोबत रुग्णालयाचा कागद आणि आई-वडिलांची ओळखपत्रं हवीत. शाळेच्या रजिस्टरमधली चूक मूल त्या शाळेत शिकत असतानाच काढून घ्या. मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळा सोडल्यावर लेखनातली उघड चूक सोडून फारसं काही बदलून मिळत नाही. बोर्डाच्या प्रमाणपत्रासाठी सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळाखाली येतो आणि अर्ज शाळेमार्फतच जातो.

राजपत्र, म्हणजे नाव बदलल्याची सूचना छापणारं सरकारी गॅझेट, प्रत्येकाला लागत नाही. एखाद-दुसऱ्या अक्षराच्या फरकासाठी त्यावर पैसे घालवू नका. लग्नानंतर नाव बदलताना बहुतेक ठिकाणी विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरतं, म्हणून नोंदणी राहिली असेल तर ती आधी करा. पूर्ण नाव बदललं असेल, किंवा दोन कागदांवर दोन वेगळीच माणसं वाटावीत इतका फरक असेल, तर मात्र गॅझेट घ्याच. अर्ज ऑनलाइन होतो. जुनं नाव कागदावर आहे तसंच लिहा, नवं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. तुम्ही टाइप केलंत तेच छापून येतं, म्हणून पाठवण्याआधी दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. अंक निघाला की पीडीएफ उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवा.

‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ या प्रतिज्ञापत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. त्याने कुठल्याही कार्डावरचं नाव बदलत नाही. समोरच्या कार्यालयाने मान्य केलं तर तेवढं एक काम पुढे सरकतं, बस. करायचंच तर त्यात नावाची सगळी रूपं आणि ती कुठल्या क्रमांकाच्या कागदावर आहेत ते लिहून घ्या. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही कोणी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगितलं, तर तो कशासाठी हे आधी विचारा.

यानंतर आधार. घाई सर्वांत महाग पडते ती इथे, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि एका अक्षराची दुरुस्तीही त्या दोनांत मोजली जाते. जन्मतारखेला संधी एकच. म्हणून बँकेतल्या कुणी ‘आधी आधार दुरुस्त करून आणा’ म्हटलं तरी तक्त्याखाली लिहायचं नाव पक्कं झाल्याशिवाय जाऊ नका. केंद्रावर मूळ कागद न्या, तोच स्कॅन होतो, झेरॉक्स चालत नाही. त्या कागदावर तुम्हाला हवं असलेलंच नाव, त्याच स्पेलिंगने असायला हवं. पूर्ण नाव बदलत असेल तर गॅझेटसोबत जुन्या नावाचा फोटो असलेला पुरावाही लागतो. दुसरा कुठलाच कागद नसेल तर राजपत्रित अधिकाऱ्याकडून यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घेता येतं. ते सहीच्या तारखेपासून ३ महिनेच चालतं, म्हणून आधी घेऊन ठेवू नका. शुल्क ७५ रुपये, आणि नाव व पत्ता एकाच खेपेत बदलले तरी तेवढंच. ऑपरेटर इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी नाव सॉफ्टवेअर बनवतं. ‘अंबुबाई’ची ‘अम्बूबाइ’ होते ती अशी. पडद्यावर दोन्ही ओळी वाचा, चूक दिसली तर तिथेच थांबवा, मगच पावतीवर सही. दोन्ही संधी संपल्या असतील तर १९४७ वर फोन करून मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयामार्फत अपवाद म्हणून कशी विनंती करायची ते विचारा.

आधार हातात आला की पॅन. तिथे पहिलं नाव आणि आडनाव आद्याक्षरांत चालत नाही, आणि एकच नाव असलेल्यांचं ते नाव आडनावाच्या रकान्यात जातं. क्रमाचे घोळ होतात ते याच रकान्यांमुळे. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांत फरक राहिला तर पॅन-आधार जोडणी अडते. जोडणी न झालेला पॅन निष्क्रिय ठरतो आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, जास्त कापला जातो. मग बँक, त्यानंतर पीएफ.

विडी आणि यंत्रमाग कामगारांनी पीएफकडे वेगळं लक्ष द्यावं. जुन्या नोंदी कारखान्यातल्या मुनीमाने ऐकून लिहिलेल्या असतात आणि चूक उघडी पडते ती पेन्शनच्या अर्जावेळी. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून काढलेल्या यूएएनमधलं नाव सदस्याला स्वतः पोर्टलवर दुरुस्त करता येतं. त्याआधीच्यांना संयुक्त घोषणापत्र (कामगार आणि मालक दोघांचं) आणि मालकाची मंजुरी लागू शकते. म्हणून कारखाना चालू आहे आणि तुम्ही कामावर आहात तोवरच हे करून घ्या.

मतदार यादीसाठी नमुना ८, शुल्क नाही. लायसन्स सारथी पोर्टलवरून, रेशनकार्ड शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयात आणि तालुक्यात तहसीलमध्ये. पासपोर्ट मात्र सगळं जुळल्यावरच. टपाल कार्यालयातलं पासपोर्ट केंद्र सोलापुरातच आहे.

शेवटी जमीन आणि घर. सातबाऱ्यावर लिहिताना चूक झाली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा आणि मूळ फेरफाराची, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीची, नक्कल जोडा. पण खरेदीखतातच नाव चुकलं असेल तर सातबारा दुरुस्त होणार नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे चूक दुरुस्ती दस्त नोंदवावा लागतो आणि त्यावर विकणाऱ्याचीही सही हवी. तो हयात असतानाच हे उरका, नंतर त्याच्या सगळ्या वारसांना एकत्र आणावं लागतं.