डीमन चालू होता, पण दुसऱ्याच खोलीत

व्हीएम, पॉडमन, कंटेनर हे सगळं येतं असं धरून लिहितोय.

लिबस्टोरेजमॅनेजमेंट ही स्टोरेज अ‍ॅरे, म्हणजे अनेक डिस्कांची मोठी साठवण यंत्रं, सांभाळायची लायब्ररी शिकायची होती. घरी स्टोरेज अ‍ॅरे कुठून आणणार? म्हणून लॅपटॉपवर व्हीएम, त्यात फेडोरा, फेडोरात कंटेनर आणि कंटेनरात ही लायब्ररी. सोबत सिम्युलेटर मिळतो, त्याचा यूआरआय, म्हणजे जोडायचा पत्ता, फक्त 'सिम://'. खोटे पूल (डिस्कांचा साठा), खोटे व्हॉल्यूम (त्यातून कापलेले तुकडे). हात बसवायला झकास.

पहिल्याच कमांडला उत्तर आलं: डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालू नाही. व्हीएममध्ये पाहिलं तर सर्व्हिस हिरवीगार! सीनियर म्हणाला, "रीस्टार्ट मार." मारला. पाच वेळा मारला. लॉग न बघता रीस्टार्ट सांगणाऱ्याला मी तेव्हापासून काही विचारत नाही.

दोन दिवसांनी कळलं ते असं. एलएसएमसीएलआय, म्हणजे या लायब्ररीची कमांड, थेट प्लगइनशी (एकेका प्रकारच्या स्टोरेजशी बोलणाऱ्या भागाशी) बोलत नाही. एलएसएमडी हा डीमन प्रत्येक प्लगइनसाठी एक युनिक्स सॉकेट, म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमांचं बोलायचं दार, उघडून बसतो. त्यावर कुणी आलं की तो प्लगइनची प्रोसेस सुरू करून देतो. सॉकेट म्हणजे शेवटी फाइलच. कंटेनरची फाइल सिस्टम वेगळी, म्हणजे व्हीएममधलं सॉकेट आत दिसणारच नाही. आणि आत सहसा सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम, नसतो. तुम्ही दिलेली कमांडच पहिली प्रोसेस, मग एलएसएमडी उठवणार कोण? परत सांगतो, कारण मी स्वतः तिथेच अडकलो: डीमन त्याच कंटेनरात चालू हवा. एंट्रीपॉइंटमध्ये, म्हणजे कंटेनर उठताच चालणाऱ्या कमांडीत, आधी एलएसएमडी, मग बाकीचं.

सॉकेटचं फोल्डर बाहेरून माउंट करूनही काम होतं. पण मग प्लगइन व्हीएममध्ये चालतो, कंटेनरात नाही. हे नीट समजल्याशिवाय तो मार्ग धरू नका. आणि 'प्रिव्हिलेज्ड' (कंटेनरला जवळपास सगळे अधिकार) लावून बघू म्हणाल, तर सॉकेट त्यानेही दिसत नाही. उगाच सगळी दारं मात्र उघडी पडतात.

सिम्युलेटर आपली स्थिती टेम्प फोल्डरातल्या एका फाइलीत ठेवतो. कंटेनर 'आरएम' पर्यायाने चालवला की तो बंद होताच व्हॉल्यूम गायब. तुमचं काही चुकलेलं नसतं, घाबरू नका. यूआरआयमध्ये 'स्टेटफाइल' देऊन ती फाइल बाहेरच्या फोल्डरात ठेवा.

खऱ्या डिस्कची माहिती मात्र इथे शोधू नका. साध्या व्हर्टआयओ डिस्कला, म्हणजे व्हीएमच्या व्हीडीए या आभासी डिस्कला, स्कझी या डिस्क-प्रोटोकॉलची व्हीपीडी ८३ ओळख (डिस्क स्वतःच सांगते तो आयडी) नसते. ती हवी असेल तर व्हर्टआयओ-स्कझी कंट्रोलर लावा आणि डिस्कला डब्ल्यूडब्ल्यूएन (जगात एकमेव असा नंबर) द्या. मी अजून तेवढ्यावरच आहे.