फॉदरगिलाचा शरदातला रंग खुलवण्यासाठी
न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडच्या बागेत शरदाच्या रंगासाठी बर्निंग बुश हे झुडूप लावू नका. ते रानात पसरतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. त्याऐवजी फॉदरगिला हे झुडूप लावा. त्याच्या एकाच पानावर पिवळा, केशरी आणि लाल असे तिन्ही रंग उतरतात, आणि वसंतात पांढरी सुवासिक फुलंही येतात.

रोज 6 तास ऊन हवंच. सावलीत पानं नुसती पिवळी पडतात. मातीचा सामू (pH) 5 ते 6 ठेवा. तो वाढला की लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून मधलं पान फिकटतं. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद घ्या, खोली मात्र गड्ड्याएवढीच. बुंध्यापासून चार बोटं सोडून पाइनच्या सालीचं 5-7 सेंमी आच्छादन घाला. जुलैनंतर नत्राचं (नायट्रोजनचं) खत बंद. ऑगस्टमध्ये पाणी तुटलं तर पानं रंगण्याआधीच करपतात.