अपडेटनंतर ॲड-ऑन बंद पडलं? या चुका टाळा, आणि आधी हात आवरा

पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या फोंड्यात वीज गेली तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण ती परत आली की तासाभरात एखादा तरी फोन येतोच. "टीचर, काल बरं चाललं होतं. रात्री वीज गेली आणि आज ब्राउझरातलं ते मराठी टायपिंगचं चिन्हच गेलं. व्होल्टेजमुळे असेल काय?"

ते चिन्ह म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला एक छोटा प्रोग्रॅम, त्यालाच ॲड-ऑन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. तो बंद पडला यात बिचाऱ्या विजेचा काही दोष नसतो. क्रोम काय, फायरफॉक्स काय, नवी आवृत्ती गुपचूप उतरवून ठेवतात आणि ब्राउझर एकदा बंद होऊन परत सुरू होण्याची वाट बघतात. काही लोक आठवडेच्या आठवडे ब्राउझर बंदच करत नाहीत. वीज गेली की त्यांचा तो सक्तीचा रिस्टार्ट होतो आणि महिनाभराचं साचलेलं अपडेट एकदम लागू पडतं. चवथीच्या सुटीनंतर शाळेची लॅब उघडतो तेव्हाही हेच. दहा दिवस बंद असलेली सगळी यंत्रं एकाच सकाळी अद्ययावत होतात आणि पहिल्याच तासाला अर्धी तक्रार करू लागतात.

संगणक शिकवता शिकवता मी निम्म्या गावाची फुकटची मेकॅनिक झाले आहे. त्या अनुभवावरून सांगते, अपडेटनं केलेलं नुकसान बहुतेक वेळा भरून येतं. त्यानंतरच्या दहा मिनिटांत घाबरलेला माणूस जे काही करून बसतो, ते मात्र येत नाही.

"काढून परत टाकते"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती करायला एकदा मीच सांगितली होती. आमच्या इतिहासाच्या टीचर गोव्यातल्या १९६७च्या जनमत कौलावर साहित्य जमवत होत्या. दोन वर्षांच्या लिंका त्यांनी टॅब साठवून ठेवणाऱ्या एका एक्स्टेन्शनमध्ये ठेवल्या होत्या. अपडेटनंतर ते उघडेना. मी घाईत होते, फोनवरच म्हटलं, "काढून परत टाका, होईल सुरू." सुरू झालं, पण आत एकही लिंक नव्हती.

झालं असं की एक्स्टेन्शनची माहिती बहुधा ब्राउझरमध्येच, त्याच्या नावाच्या एका कप्प्यात असते. 'रिमूव्ह' दाबलं की कप्पाही जातो. शेजारचं स्विच दाबून ते नुसतं बंद केलं, तर कप्पा जागेवर राहतो. दोन बटणं शेजारी-शेजारी आहेत, म्हणून दोन्हींचा अर्थ सारखाच असेल असं लोक धरून चालतात. त्या दिवशी मीही तेच केलं. टीचरनी मला अजून बोलून दाखवलेलं नाही. पण जनमत कौलाचा विषय निघाला की मी चहा करायला उठते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. मग एक्स्टेन्शन स्विचनं बंद-चालू करून बघा. मग त्याच्या सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' किंवा 'बॅकअप' दिसतंय का ते पाहा, आणि असेल तर फाइल काढून घ्या. 'रिमूव्ह'ला हात त्यानंतरच लावायचा.

४ मे २०१९ चा शनिवार ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. ॲड-ऑन खरं आहे याची खात्री पटवणारं फायरफॉक्सचं एक डिजिटल प्रमाणपत्र त्या दिवशी मुदत संपून बाद झालं आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली जवळपास सगळी ॲड-ऑन एकदम बंद पडली. कुणी काहीच बिघडवलं नव्हतं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं तेव्हा बजावलं होतं की ॲड-ऑन काढून परत टाकू नका, माहिती जाईल. दुसऱ्या दिवशी, ५ मेला, ६६.०.४ ही दुरुस्त आवृत्ती आली. ज्यांनी हात लावला नव्हता त्यांतल्या बहुतेकांचं सगळं जसंच्या तसं परत आलं. ज्यांनी शनिवारी सकाळीच साफसफाई केली ते बसले सेटिंग जुळवत.

दोन बटणांपैकी चुकीचं

दोष कुणाचा ते शोधायला फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड आहे. मदतीच्या मेनूत सापडतो. त्यात ॲड-ऑन तात्पुरती बाजूला ठेवून ब्राउझर उघडतो. सोय चांगली आहे, पण एक पाचर आहे. तो सुरू करताना जी चौकट येते तिच्यात 'ओपन' आणि 'रिफ्रेश फायरफॉक्स' अशी दोन बटणं असतात. रिफ्रेश म्हणजे पान ताजं करणं हे डोक्यात पक्कं बसलेलं. लोक तेच दाबतात. बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री राहतात, पण ॲड-ऑन आणि त्यांची माहिती धुऊन निघते.

दाबलंच असेल तर डेस्कटॉपवर बघा. 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाचा फोल्डर आलेला असतो. त्यातून माहिती परत काढणं किचकट आहे, पण शक्य असतं. तो अनोळखी कचरा समजून उडवू नका. आमच्या एका सरांनी डेस्कटॉप नीटनेटका ठेवण्याच्या सवयीपायी नेमका तोच उडवला.

जुन्या आवृत्तीकडे परत जाणं

"कालचं बरं होतं ना, मग कालचंच टाकू." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण २०१९च्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीनं वापरलेलं प्रोफाइल, म्हणजे तुमचे बुकमार्क-पासवर्ड ठेवलेला फोल्डर, जुन्या आवृत्तीला उघडू देत नाही. नवं रिकामं प्रोफाइल करायला सांगतो. ते केलं की बुकमार्कही नाहीत, पासवर्डही नाहीत. माणूस कपाळाला हात लावतो. खरं म्हणजे जुनं प्रोफाइल डिस्कवर सुखरूप असतं. नवी आवृत्ती परत टाका, ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत 'अबाउट', मग मराठीतल्या विसर्गासारखी दोन टिंबं, मग 'प्रोफाइल्स' असं लिहा. तिथे जुनं प्रोफाइल निवडता येतं. शिवाय जुन्या आवृत्तीतली सुरक्षेची भोकं तोवर जगजाहीर झालेली असतात, आणि त्याच ब्राउझरातून आपण बँकेचे व्यवहार करतो.

याची जुळी बहीण म्हणजे एक्स्टेन्शनची जुनी फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवणं. ब्राउझरच्या अधिकृत दुकानाबाहेरचा माल घेऊच नका. दुकानातला मालसुद्धा कधी कधी हात बदलतो. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणाऱ्या, वीस लाखांहून अधिक लोकांच्या द ग्रेट सस्पेंडर या क्रोम एक्स्टेन्शनची मालकी २०२० मध्ये बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते घातक म्हणून थेट बंद करून टाकलं. लोकांचे झोपवलेले टॅब त्याच्याबरोबर गेले. ज्यांनी हिस्ट्री उघडून बघितली त्यांना मात्र त्या लांबलचक पत्त्यांच्या शेपटीला मूळ साइटचा पत्ता सापडला. घाई न केल्याचा फायदा तिथेही झाला.

जे दुरुस्त होणारच नाही त्यामागे लागणं

क्रोममध्ये 'हे एक्स्टेन्शन आता चालत नाही' अशा अर्थाचा संदेश आला असेल तर आपल्या बाजूनं करण्यासारखं काही नाही. एक्स्टेन्शन कसं लिहायचं याची गूगलची नियमावली बदलली. या नियमावलीचं नाव मॅनिफेस्ट. जुनी तिची दुसरी आवृत्ती, नवी तिसरी. जून २०२४ पासून चाचणी आवृत्त्यांत इशारे दिसू लागले, ऑक्टोबर २०२४ पासून साध्या क्रोममध्ये जुनी एक्स्टेन्शन बंद होत गेली आणि २०२५च्या मध्यापर्यंत ती परत चालू करण्याची सवलतही संपली. जाहिराती अडवणाऱ्यांना याचा सर्वांत जास्त फटका बसला. पूर्वी एक्स्टेन्शन पानाची प्रत्येक मागणी मध्येच थांबवून तपासू शकायचं. आता ते नियमांची यादी ब्राउझरच्या हाती देतं आणि अडवायचं काम ब्राउझर करतो. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन क्रोमवर बंद झालं ते यामुळेच. त्याची 'लाइट' आवृत्ती नव्या नियमांनुसार लिहिलेली आहे. पूर्ण आवृत्ती फायरफॉक्सवर अजून चालते. माझं मत विचाराल तर ज्याला जाहिरातींचा त्रास सोसत नाही त्यानं सरळ फायरफॉक्स घ्यावा. सरकारी पोर्टलांसाठी क्रोम बाजूला असू द्यावा.

कोणतंही एक्स्टेन्शन लवकरच बंद होणार असल्याचा इशारा दिसला की त्याच दिवशी माहिती एक्स्पोर्ट करा. बंद पडल्यावर त्याचं सेटिंगचं पानही उघडत नाही.

न वाचता 'हो' म्हणणं, किंवा न बघता 'नाही'

कधी एक्स्टेन्शन मोडलेलं नसतंच. नव्या आवृत्तीला जास्तीची परवानगी हवी असते म्हणून क्रोम ते बंद करून तुमच्या होकारासाठी थांबतो. फायरफॉक्स अशा वेळी जुनीच आवृत्ती चालू ठेवतो. होकार द्यायचा की नाही ते परवानगी वाचून ठरवा. हवामान दाखवणाऱ्या एक्स्टेन्शनला सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायचा असेल तर का, हे विचारायला हवं. आणि कधी तर फक्त चिन्ह कोड्याच्या तुकड्याच्या चित्राखाली लपलेलं असतं. पिन करा, झालं. असल्या 'दुरुस्ती'साठी मी एकदा कुर्टीपर्यंत भर पावसात स्कूटर काढून गेले आहे.

दोषी शोधताना सगळ्यांनाच शिक्षा

एखादी साइटच नीट दिसत नसेल तर ती इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन चालत नाहीत. साइट तिथे ठीक चालली तर संशय एक्स्टेन्शनवर घ्या. मात्र तिथे साइटनं ब्राउझरमध्ये आधी ठेवलेल्या नोंदी, म्हणजे कुकीही नसतात, म्हणून लगेच निकाल देऊ नका. पुढे बारा एक्स्टेन्शन असतील तर एकेक तपासत बसू नका. सहा बंद करा. त्रास थांबला तर चोर त्या सहांत, नाही तर उरलेल्यांत. मग तीन, मग पुढे तसंच. जास्तीत जास्त चार फेऱ्यांत नाव कळतं. बंद फक्त स्विचनं करायची, हे परत सांगते.

अपडेट न झाल्यानं मोडणं

शाळा-पंचायतींतल्या जुन्या यंत्रांची गोष्ट उलटी असते. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, त्यापुढची चढतच नाही. एक्स्टेन्शन मात्र पुढच्या क्रोमसाठी लिहिली जातात. फायरफॉक्समध्ये १४ मार्च २०२५ला एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. १२८च्या आधीच्या आणि दीर्घकालीन (जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखेतल्या ११५.१३च्या आधीच्या आवृत्त्यांत ॲड-ऑन बंद पडू शकतात. "आम्ही काही अपडेटच केलं नाही, तरी बिघडलं" असं कुणी म्हणालं तर मी आधी आवृत्तीचा आकडा विचारते. जुन्या विंडोजवर फायरफॉक्सच्या त्या ११५च्या शाखेतली सर्वांत नवी आवृत्ती टाकली की बरंचसं मार्गी लागतं.

राहता राहिलं मराठी टायपिंग, ज्यासाठी निम्मे फोन येतात. त्यासाठी एक्स्टेन्शनवर विसंबूच नका. विंडोज १० मध्ये २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून लिहायचा) कळफलक आतच आहे, इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक तर त्याच्याही आधीपासून. टाइम अँड लँग्वेजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडायची आणि तिच्या पर्यायांत कळफलक निवडायचा. ब्राउझर बदलो, मोडो, वर्डमध्ये लिहायचं असो की मेलमध्ये, अक्षरं उमटत राहतात. आमच्या इतिहासाच्या टीचरना मी परवा तोच लावून दिला. लिंका त्या आता वहीत लिहितात.